काजळी, रोशनाई आणि मोबाइलची बॅटरी

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. सकाळची वेळ होती, वीज गेलेली होती आणि आम्ही आठवीच्या वर्गात शब्दार्थ सांगत होतो. मागच्या बाकावरची एक मुलगी उठली, कंपास पेटी उघडली आणि आतली वस्तू आमच्यासमोर धरली. मोबाइलची जुनी बॅटरी होती. पापडासारखी टम्म फुगलेली. ती म्हणाली, "सर, इसमें आग रहती क्या?"

आम्ही ती बॅटरी आधी तिच्या हातातून घेतली आणि बाहेर, कुंडीतल्या वाळूवर नेऊन ठेवली. मग प्रश्न विचारण्याचे कारण कळले. तिचे अब्बू गावोगाव फिरून भंगार गोळा करतात. साखरा, सेनगाव, जवळचे बाजार असा त्यांचा फेरा असतो. जुन्या मोबाइलच्या बॅटऱ्या आता भंगारात खूप येतात. आत तांब्याचा पातळ पत्रा असतो हे तिच्या मोठ्या भावाला कुणीतरी सांगितले. त्याने स्क्रू ड्रायव्हरने एक बॅटरी उचकटली. फस्स असा आवाज झाला, धूर आला आणि ज्वाळ उठली. उजव्या हाताची तीन बोटे भाजली. जळून गेल्यावर उरले ते तांब्याचे फडके आणि त्यावर काळी भुकटी. मुलगी म्हणाली, "सर, वो तवे के काजल जैसा था."

आम्ही भाषेचे शिक्षक. उर्दू आणि मराठी शिकवतो. बॅटरीत काय असते ते आम्हाला त्या दिवशी नीट सांगता आले नाही. विज्ञानाच्या सहकाऱ्यांना विचारले, पुस्तके चाळली, सुट्टीत पुण्याला गेलो तेव्हा जाणत्या लोकांशी बोललो. जे समजले ते आमच्या घराघरांतल्या भाषेत सांगावे म्हणून हा लेख. कारण आज प्रत्येक घरात दोन-तीन मोबाइल आहेत, रात्रीच्या पाळीत शेताला पाणी देणाऱ्यांच्या हातात चार्जिंगची बॅटरी आहे, आणि आमच्या समाजातले कितीतरी लोक भंगार, मोबाइल दुरुस्ती आणि गॅरेजच्या धंद्यात आहेत. ही काळी भुकटी त्यांच्या हाताखालून रोज जाते.

मुलीचे म्हणणे बरोबर होते. ती भुकटी काजळीच्या नात्यातलीच आहे.

एकाच घराण्यातली भावंडे

तव्याखालची काजळी, चुलीतला कोळसा, पेन्सिलीतले शिसे आणि अंगठीतला हिरा ही सगळी कार्बनची रूपे. पेन्सिलीत खरे तर शिसे नसतेच, ते ग्रॅफाइट असते. आमच्या लहानपणी टॉर्चचा सेल संपला की आम्ही तो दगडाने फोडायचो आणि आतली काळी कांडी काढून भिंतीवर लिहायचो. ती कांडीही कार्बनची. सेलात ती लिहिण्यासाठी नव्हती, वीज बाहेर आणण्यासाठी होती. कार्बन स्वस्त आहे, हलका आहे, गंजत नाही आणि ग्रॅफाइटच्या रूपात वीज वाहून नेतो. बॅटरीवाल्यांना तो आवडतो तो यामुळे.

हिऱ्यात कार्बनचे अणू चारी बाजूंनी एकमेकांना घट्ट धरून असतात. ग्रॅफाइटमध्ये ते सहाच्या चौकटींनी जोडलेले, मधमाशीच्या पोळ्यासारखे सपाट थर करून बसतात आणि थरावर थर असतो, वहीच्या पानांसारखा. थराच्या आत बंध मजबूत, पण थराथरांतले सैल. पेन्सिल कागदावर घासली की वरची पाने सुटतात आणि कागदावर राहतात. म्हणून लिहिता येते.

यातले एकच पान सुटे केले तर त्याला ग्राफीन म्हणतात. इंग्लंडमधल्या मँचेस्टर विद्यापीठात आंद्रे गाइम आणि कॉन्स्टंटिन नोव्होसेलोव यांनी २००४ मध्ये साध्या चिकटपट्टीने ग्रॅफाइटचे थर सोलत सोलत हे पान वेगळे केले. २०१० चे नोबेल त्यांना मिळाले. तेच पान गुंडाळून नळी झाली तर कार्बन नॅनोट्यूब. जपानच्या सुमिओ इजिमा यांनी १९९१ मध्ये त्यांचे वर्णन जगापुढे ठेवले. आणि चेंडूसारखा बंद गोळा झाला तर फुलरीन, तो १९८५ मध्ये सापडला. नॅनो म्हणजे किती लहान? एका मीटरचे शंभर कोटी भाग केले की एक भाग नॅनोमीटर. आपला एक केस सुमारे ऐंशी हजार ते एक लाख नॅनोमीटर जाड असतो.

रोशनाईची शिकवण

इथे आम्हाला आमच्या तख्तीची आठवण आली. उर्दूत शाईला 'रोशनाई' म्हणतात. काळ्या शाईला रोशनीचे नाव कसे, असे मुले विचारतात. जुनी शाई दिव्याच्या काजळीपासून होत असे. इस्तंबूलची सुलेमानिये मशीद १५५७ मध्ये पूर्ण झाली. तिचा वास्तुकार मिमार सिनान याने हवेचा झोत असा खेळवला की शेकडो तेलदिव्यांची काजळी एका खोलीत जमा व्हावी आणि तिची शाई करावी, असे सांगतात. ज्या दिव्याने मशीद उजळली त्याच्याच काजळीने कातिबांनी लिहिले.

पण नुसती काजळी पाण्यात टाकून पाहा. ती वर तरंगते, गोळे होतात, कलमेला लागत नाही. काजळीला पाण्याचे वावडे असते. म्हणून जुने लोक त्यात बाभळीच्या जातीचा डिंक घालून तासन्‌तास घोटत. डिंकाचे धागे काजळीच्या प्रत्येक कणाला लपेटतात, कण एकमेकांना चिकटत नाहीत आणि पाण्यात सारखे पसरतात. काजळी तीच, पण तिच्या अंगावरचे वस्त्र बदलले आणि ती कामाची झाली.

आजचे रसायनशास्त्रज्ञ कार्बनच्या नॅनो कणांवर जे करतात त्याचे मूळ सूत्र हेच आहे. नॅनोट्यूबही पाण्यात गोळा होऊन बसतात. २००२ मध्ये संशोधकांनी त्या सुट्या करण्यासाठी काय वापरले? हाच डिंक, कातिबांचा. आणि मोबाइलच्या बॅटरीचा ऋण ध्रुव कसा बनतो? ग्रॅफाइटची भुकटी, पाणी आणि सेल्युलोजपासून केलेला डिंकासारखा चिकट पदार्थ घोटतात, तांब्याच्या पातळ पत्र्यावर सारखा लेप देतात आणि वाळवतात. त्या मुलीच्या भावाला तांब्यावर जी काळी भुकटी दिसली ती ही. एका अर्थी कारखान्यात घोटलेली रोशनाईच.

तलवारीतला कार्बन

हे काम नव्या काळाचे असले तरी माणसाच्या हातून नकळत पूर्वीही घडले आहे. दमास्कसच्या तलवारी त्यांच्या पाण्यासारख्या लहरींच्या नक्षीसाठी आणि धारेसाठी प्रसिद्ध होत्या. त्यांचे पोलाद हिंदुस्थानातून जात असे. त्याला वुट्झ म्हणत. आपल्या मराठवाड्याच्या शेजारी, निजामाबाद जिल्ह्यातल्या कोनासमुद्रम गावी ते बनत असे आणि इराणी व्यापारी ते घ्यायला तिथपर्यंत येत. २००६ मध्ये जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या शास्त्रज्ञांनी सतराव्या शतकातल्या असदुल्लाह नावाच्या कारागिराच्या तलवारीचा एक तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. त्यात कार्बन नॅनोट्यूब आढळल्या. वुट्झ करताना लोखंडाबरोबर मुशीत झाडपाला आणि लाकूड घालत. त्यात तरवड आणि रुई यांची नावे येतात. दोन्ही झाडे आमच्या बांधावर उभी आहेत.

त्या लोहाराला नॅनो हा शब्द माहीत नव्हता. हाताला हुनर होता, कारण ठाऊक नव्हते. पुढे त्या खाणीतले खास लोखंड मिळेनासे झाले, पिढ्यांची साखळी तुटली आणि ते पोलाद करण्याची कला लोपली. कारण लिहून ठेवलेले नसले की हुनर असा हरवतो. हे वाक्य आम्ही वर्गातही सांगितले, कारण गॅरेजमध्ये बसणाऱ्या आमच्या पोरांच्या हातात हुनर भरपूर आहे.

दोन घरे आणि मधला रस्ता

आता बॅटरी चालते कशी ते पाहू. लिथियम बॅटरीत दोन घरे असतात. एक धातूच्या ऑक्साइडचे, दुसरे ग्रॅफाइटचे. मध्ये द्रव आणि बारीक छिद्रांचा पडदा. चार्जिंग लावले की लिथियमचे आयन पहिल्या घरातून निघून द्रवातून पोहत ग्रॅफाइटच्या पानांमध्ये जाऊन बसतात. त्यांचे इलेक्ट्रॉन मात्र बाहेरून, तारेने येतात. मोबाइल वापरू लागलो की आयन परत फिरतात, इलेक्ट्रॉन पुन्हा तारेने जातात आणि जाता जाता आपले काम करतात. ही ये-जा शेकडो वेळा व्हावी लागते.

लिथियम ग्रॅफाइटमध्ये जाऊन सुखरूप परत येते हे दाखवणाऱ्यांत एक महत्त्वाचे नाव रशीद यझामी यांचे. जन्म १९५३, मोरोक्कोतल्या फेस शहरात. हे तेच शहर, जिथे फातिमा अल्‌-फिहरी या स्त्रीने ८५९ मध्ये अल्‌-करवीयीन उभे केले असे इतिहास सांगतो. यझामी शिकायला फ्रान्समध्ये ग्रेनोबलला गेले. १९८० च्या सुमारास अडचण अशी होती की द्रवाचे रेणू लिथियमबरोबर पानांत घुसत आणि ग्रॅफाइट सोलून टाकत. यझामींनी द्रवाऐवजी घन पॉलिमर वापरला आणि ये-जा शक्य आहे हे सिद्ध केले. इंजिनिअरिंगमधला मानाचा ड्रेपर पुरस्कार २०१४ मध्ये त्यांना जॉन गुडइनफ, अकिरा योशिनो आणि योशिओ निशी यांच्याबरोबर मिळाला. बॅटरी बाजारात आली ती १९९१ मध्ये, सोनी कंपनीची. २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल गुडइनफ, स्टॅनली व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना मिळाले. तेव्हा गुडइनफ ९७ वर्षांचे होते.

ग्रॅफाइटचा एक हिशेब ठरलेला आहे. कार्बनच्या सहा अणूंमागे एक लिथियम, त्याहून जास्त नाही. म्हणजे एका ग्रॅममध्ये ३७२ मिलिअँपिअर-तास. आपल्या मोबाइलवर ५००० हा आकडा लिहिलेला असतो. भागून पाहा, किमान तेरा-चौदा ग्रॅम ग्रॅफाइट लागते. आठवीच्या मुलांनी हे गणित फळ्यावर करून दाखवले.

कार्बनची चाल बदलायची ती कशी

मग अधिक वीज मावावी, चार्जिंग लवकर व्हावे आणि बॅटरी वर्षानुवर्षे टिकावी म्हणून काय करायचे? नॅनो कार्बनवर रासायनिक संस्कार करायचे. त्याच्या मुख्य तऱ्हा चार.

पहिली, ऑक्सिजन जोडणे. पूर्वी गावच्या विहिरीत जांभळे औषध टाकत, ते पोटॅशियम परमँगनेट. तीव्र गंधकाम्लात ते ग्रॅफाइटबरोबर वापरले की पानांवर ऑक्सिजनचे गट चिकटतात आणि पाने सुटी होतात. हमर्स आणि ऑफमन यांनी १९५८ मध्ये दिलेली ही कृती आजही प्रयोगशाळांत वापरतात. ऑक्सिजन लागला की कार्बनचे पाण्याशी असलेले वावडे जाते आणि त्याला दुसरे पदार्थ जोडता येतात. पण त्याची वीज वाहण्याची ताकद घटते. म्हणून पुढे तापवून किंवा दुसऱ्या रसायनाने बराचसा ऑक्सिजन परत काढावा लागतो. काही ठेवायचा, काही काढायचा, हे कौशल्य. वाचकांनी, विशेषतः मुलांनी, ही कृती घरी अजिबात करू नये. हे मिश्रण स्फोट करू शकते.

दुसरी, नायट्रोजन पेरणे. कार्बनच्या पानातले काही अणू काढून तिथे नायट्रोजनचे बसवतात. त्यामुळे वीज वहनाला मदत होते आणि लिथियमला बसायला जास्त जागा मिळतात. हा नायट्रोजन कुठून आणतात? बऱ्याच प्रयोगशाळा युरिया वापरतात. कार्बनबरोबर युरिया हवाबंद भट्टीत तापवतात. हे सांगितले तेव्हा वर्गात हशा पिकला, कारण युरियाच्या गोण्यांसाठी घरच्यांबरोबर रांगेत उभी राहिलेली मुलेच समोर होती.

तिसरी, छिद्रे पाडणे. कॉस्टिक पोटॅशबरोबर तापवले की कार्बन आतून पोखरला जातो. एका ग्रॅममध्ये हजार चौरस मीटरहून अधिक पृष्ठभाग तयार होतो. आयनांना वाटा मिळतात. पण यालाही किंमत आहे. पहिल्या चार्जिंगच्या वेळी कार्बनच्या पृष्ठभागावर द्रवापासून एक पातळ साय धरते. ती संरक्षण करते, पण ती करण्यात काही लिथियम कायमचे अडकते. पृष्ठभाग जितका जास्त, तितकी साय जास्त आणि नुकसानही जास्त. म्हणून झटपट वीज साठवून झटपट सोडणाऱ्या सुपरकॅपॅसिटरला असा कार्बन उत्तम, बॅटरीला मात्र मापातच.

चौथी, लपेटणे. सिलिकॉन ग्रॅफाइटपेक्षा कितीतरी जास्त लिथियम घेते, पण घेताना मूळ आकाराच्या तीन पटींहून जास्त फुगते आणि परत आकसताना तडकते. बाळाला दुपट्यात गुंडाळावे तसे सिलिकॉनचे बारीक कण कार्बनमध्ये गुंडाळतात. कार्बन फुगणे सोसतो आणि वीजही वाहून नेतो. गेल्या काही वर्षांत काही मोबाइलमध्ये अशा बॅटऱ्या आल्याही आहेत.

चारही तऱ्हांतून एकच गोष्ट लक्षात येते. भाजीत मीठ हवे, पण चिमूटभर जास्त पडले तर भाजी गेली. कार्बनवरच्या संस्कारांचे तसेच आहे.

पुण्यातले पाषाण आणि आमची पऱ्हाटी

हे काम फक्त जपान-अमेरिकेत चालते असे समजू नका. पुण्याच्या पाषाण भागात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १९५० पासून आहे. शेजारीच २००६ मध्ये सुरू झालेली आयसर ही संस्था. त्याच परिसरात इलेक्ट्रॉनिक पदार्थांवर काम करणारे केंद्र सी-मेट. तिन्ही ठिकाणी बॅटरीच्या पदार्थांवर संशोधन होते.

राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. सतीशचंद्र ओगले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये एक काम प्रसिद्ध केले. गळून पडलेली झाडांची वाळकी पाने, त्यांत कडुनिंबाचीही, दळून हवेविना तापवली. वेगळे रसायन न घालताच छिद्रांनी भरलेला कार्बन मिळाला. एका ग्रॅममध्ये सुमारे १२३० चौरस मीटर पृष्ठभाग. पानांत मुळातच असलेल्या पोटॅशियम, कॅल्शियमसारख्या क्षारांनी छिद्रे पाडण्याचे काम केले होते. त्या कार्बनपासून त्यांनी सुपरकॅपॅसिटर केले.

पुढची पायरी सोडियमची. लिथियम थोड्याच देशांत मुबलक आहे आणि आपण ते बाहेरून आणतो. सोडियम तर मिठात आहे. पण ते ग्रॅफाइटच्या पानांत नीट बसत नाही. आकार मोठा म्हणून, असे सहज सांगितले जाते, पण पोटॅशियम त्याहून मोठे असून बसते. सोडियम आणि ग्रॅफाइटची सोयरीकच जमत नाही, एवढे खरे. त्याला 'हार्ड कार्बन' लागतो. यात पाने नीट रचलेली नसतात, वेडीवाकडी असतात, दोन पानांतले अंतर ग्रॅफाइटपेक्षा जास्त असते आणि मधे बारीक पोकळ्या राहतात. असा कार्बन नारळाच्या करवंटीपासून, लाकडापासून, पिकांच्या अवशेषांपासून करता येतो. आयसर पुणे आणि पुण्यातलीच केपीआयटी ही कंपनी यांनी अनेक वर्षे मिळून काम केले आणि डिसेंबर २०२३ मध्ये केपीआयटीने सोडियम-आयन बॅटरीचे तंत्र जाहीर केले. डॉ. ओगले त्या कामातही होते.

सोडियम बॅटरी त्याच विजेसाठी जड असते. पण घरावरच्या सोलरला किंवा शेतातल्या पंपाला वजनाची काय चिंता? भंगारवाल्या बांधवांसाठी एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. सोडियम बॅटरीत तांब्याचा पत्रा लागत नाही, दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियम चालते. तांब्याच्या आशेने ती फोडणाऱ्याच्या हाती धोकाच लागेल.

हे ऐकून गावातल्या एका चाचांनी आम्हाला विचारले, "मग आमची पऱ्हाटी बॅटरीला विकत घेतील का?" प्रश्न रास्त आहे. आमच्या भागात कापसाची पऱ्हाटी आणि सोयाबीनचे कुटार दरसाल बांधावर जाळले जाते. उत्तर प्रामाणिकपणे द्यायला हवे. उघड्यावर जाळले की कार्बन हवेत उडून जातो, उरते ती राख. हवा बंद करून तापवले, कोळशाच्या भट्टीसारखे, तर कार्बन उरतो. बॅटरीसाठी मात्र तो धुवून, क्षार काढून, हजार अंशांच्या वर पुन्हा तापवावा लागतो आणि प्रत्येक घाणा सारखाच निघावा लागतो. गावात ते होत नाही. उद्या कुणी बॅटरीच्या कोळशाच्या नावाने आगाऊ पैसे मागायला आला तर देऊ नका. पण हेही खरे की ज्या वस्तूला आज आपण काडी लावतो तिच्यावर पुण्यात माणसे डॉक्टरेट करीत आहेत.

घरात आणि दुकानात एवढे पाळा

आता त्या मुलीच्या मूळ प्रश्नाकडे येऊ. "इसमें आग रहती क्या?" हो, राहते. आतला द्रव पेट घेणारा असतो. बॅटरी जुनी झाली, मार लागला किंवा चुकीच्या चार्जरने तापली की आत वायू धरतो आणि ती फुगते. दोन घरांमधला पडदा फाटला की दोन्ही घरे थेट भिडतात, उष्णता एकदम वाढते आणि भडका उडतो. स्क्रू ड्रायव्हरने नेमका हाच पडदा फाटला होता.

फुगलेली बॅटरी दाबू नका, टोचू नका, पुन्हा चार्ज करू नका. कोरडी वाळू घातलेल्या पत्र्याच्या डब्यात ठेवा. डबा घराबाहेर, मुलांपासून आणि चुलीपासून दूर असावा. चुलीत किंवा कचऱ्याच्या आगीत कधीच टाकू नका. मोबाइल उशीखाली किंवा गोधडीत चार्जिंगला लावून झोपू नका. सहरीचा गजर लावलेला फोन रात्रभर उशाशी तापत पडतो, हे आम्ही रमजानमध्ये घरोघरी पाहतो. तो ताटात किंवा फरशीवर ठेवा. चार्जिंगची गाडी दारात आडवी लावून रात्रभर चार्ज करू नका. बाहेर पडायचा रस्ता तोच असतो.

भंगारात काम करणाऱ्यांनी लिथियमच्या बॅटऱ्या फोडू नयेत, त्या अखंड वेगळ्या ठेवून पुढे द्याव्यात. केंद्र सरकारचे बॅटरी कचऱ्याचे नियम ऑगस्ट २०२२ मध्ये आले. जुन्या बॅटऱ्या परत घेऊन त्यांची योग्य वासलात लावण्याची जबाबदारी त्यांनी उत्पादकांवर टाकली आहे. नोंदणी असलेल्या कारखान्यात बॅटऱ्या यंत्राने दळतात. निघालेल्या काळ्या भुकटीतून लिथियम, कोबाल्ट, निकेल परत काढतात. अखंड बॅटरीला तिथे मोल आहे. फोडलेल्या बॅटरीतून दोन बोटे रुंद तांबे मिळते आणि त्यासाठी त्या मुलाची तीन बोटे भाजली.

वर्गातल्या खिडकीत

त्या मुलाचा हात आता बरा आहे. एका बोटाची कातडी अजून ओढल्यासारखी दिसते. त्याने दहावीनंतर शाळा सोडली होती. अब्बूंशी आम्ही दोनदा बोललो. बारावीचे नंतर पाहू, आधी आयटीआयला इलेक्ट्रिशियनच्या कोर्सला बसवतो, असे ते म्हणाले. आम्हाला ते पुष्कळ वाटले.

बहिणीचे पाऊल मात्र पुढे आहे. ती विचारते, पाषाणला शिकायला जायचे तर काय करावे लागते? आम्ही तिला कागदावर लिहून दिले. बारावी विज्ञान शाखेतून करायची. आयसरसाठी त्यांची वेगळी प्रवेश परीक्षा असते, तिला आयसर ॲप्टिट्यूड टेस्ट म्हणतात. ती नाही जमली तरी बी.एस्सी., मग एम.एस्सी. रसायनशास्त्र, हा रस्ता आहेच. आमच्याच हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहणार आहे. केंद्राने एप्रिल २०२३ मध्ये तिला सुमारे २६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. विज्ञान आता एस.टी.च्या एका तिकिटावर आले आहे. मुलीला इतक्या लांब कशाला पाठवायचे, असे विचारणारे आमच्या घरांत अजून आहेत. त्यांच्यापुढे फातिमा अल्‌-फिहरीचे नाव घेता येते.

आमच्या वर्गाबाहेरच्या कट्ट्यावर आता बिस्किटांचा एक मोठा पत्र्याचा डबा आहे. निम्मा वाळूने भरलेला. मुले घरातल्या फुगलेल्या बॅटऱ्या आणून त्यात ठेवतात. मागच्या महिन्यात मोजल्या तेव्हा अकरा निघाल्या. भंगारवाले अब्बू त्या अखंड घेऊन जातात आणि इतर बॅटऱ्यांबरोबर पुढे पाठवतात. डब्यावर त्या मुलीने स्वतः, कलमेने आणि काळ्या रोशनाईने, उर्दूत आणि मराठीत लिहिले आहे: फोडू नका.

वाचकांपैकी ज्यांच्या घरी कपाटात, पेटीत किंवा टीव्हीच्या मागे अशी फुगलेली बॅटरी पडली असेल, त्यांनी हा अंक खाली ठेवल्यावर आधी ती शोधावी.